कसबाचे दाम

॥ राम कृष्ण हरि ॥

माळ गळ्यात घालताना वारकऱ्याला जे थोडे नियम सांगतात, त्यांत परधनाचा नियम फार वरचा. एकादशी चुकली तर मनाला हळहळ लागते. पण परधनाला हात लागला तर माळेलाच डाग लागला असे आपण मानतो. आता परधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? कुणाचा बांध कोरला, कुणाची ठेव बुडवली, मापात मारले, वाटणीत भावाला फसवले. हे सगळे परधन खरेच. पण आणखी एक परधन आहे, त्याची गोष्ट कीर्तनात फारशी निघत नाही. लोहाराकडून फाळाला धार लावून आणली, सुताराकडून तिफण नीट करून घेतली, चांभाराकडून वहाण शिवून घेतली, आणि त्याने शंभर मागितले तेव्हा साठावर तोडले. उरलेले चाळीस आपल्या कनवटीला राहिले. ते चाळीस कुणाचे?

कोणी म्हणेल, “महाराज, हा तर बाजार. त्यात परमार्थ कशाला आणता?” पण ज्या संप्रदायात मळा, चाक, कात्री आणि वस्तरा यांच्यासकट देव भेटला, तिथे बाजार आणि परमार्थ यांच्यात भिंत घालता येत नाही. म्हणून या प्रश्नाचा जरा नेटाने विचार करू.

आपल्या खानदेशातलेच उदाहरण घेऊ. जळगावाहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अंजनी नदीच्या काठी एरंडोल आहे. लोक त्याला एकचक्रानगरी म्हणतात आणि पांडवांच्या वनवासाच्या गोष्टी सांगतात. जवळच पद्मालयाचा गणपती आहे, तिथे भाविकांची रीघ असते. पण एरंडोलची आणखी एक ओळख होती, ती आता कुणाच्या तोंडी नाही. हे गाव कागदासाठी नावाजलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी छापलेल्या सरकारी गॅझेटियरात एरंडोलविषयी लिहिताना हा हातकागदाचा धंदा पूर्वी नामांकित होता आणि आता थोडाबहुत उरला आहे, अशी नोंद सापडते. ‘थोडाबहुत उरला आहे’ या शब्दांमागे किती घरांची चूल असेल ते ज्याचे त्याने ताडावे.

हातकागद म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगायला हवे. महाराष्ट्रात हे काम बहुतेक ठिकाणी मुसलमान कागदी करीत. जुन्नरला, देवगिरीच्या पायथ्याजवळच्या कागजीपुऱ्यात आणि अशाच इतर गावी त्यांची वस्ती असे. जुने गोणपाट, तागाचे दोर, रद्दी असा टाकाऊ माल घ्यायचा. तो पाण्यात भिजवायचा, चुन्यात मुरवायचा, पायाने चालवायच्या ढेकीखाली कुटायचा, वाहत्या पाण्यात धुवायचा, पुन्हा कुटायचा. असे अनेक दिवस चाले. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा कालवून गवताच्या काड्यांची बारीक चटई लावलेला साचा आत बुडवायचा आणि अलगद वर उचलायचा. पाणी गळून जाते, साच्यावर एक पातळ थर राहतो. तोच कागद. तो उतरवून एकावर एक ठेवायचा, दाबायचा, भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ लावायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून घोटून चकाकी आणायची. खळ कमी पडली तर बोरूची शाई फुटते. घोटाई कमी पडली तर बोरू अडखळतो.

यात कसब कुठे आहे? साचा पाण्यातून वर काढतानाच्या त्या एका हेलकाव्यात आहे. लगदा सगळीकडे सारखा पसरला पाहिजे. एका कोपऱ्यात जाड, दुसऱ्यात विरळ होता कामा नये. आणि हा कागद मागच्या कागदासारखाच उतरला पाहिजे, दिवसभर, शेकड्यांनी. बघणाऱ्याला वाटते, ‘यात काय, बुडवले नि काढले.’ पण त्या ‘बुडवले नि काढले’मागे लहानपणापासून बापाच्या शेजारी उभे राहून गेलेली वर्षे असतात. पुस्तकात हे लिहून ठेवता येत नाही. ते मनगटात असते.

आणि हा कागद कशाला लागे? सावकाराच्या चोपडीला लागे, सरकारच्या दप्तराला लागे. तसाच तो पोथीला लागे, भजनाच्या वहीला लागे. छापखाना येण्यापूर्वी आपल्या संतांची वाणी गावोगाव गेली ती कीर्तनकाराच्या तोंडून आणि हाताने लिहिलेल्या वह्यांतून. नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी माउलींची वाणी लिहून घेतली, नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यानंतर तिच्या प्रतींवर प्रती निघाल्या. लिहिणाऱ्यांची नावे काही पोथ्यांच्या शेवटी सापडतात. पण ज्याच्या पानावर ते लिहिले त्या कागद्याचे नाव कुणी लिहिले? आपल्या देवघरातली पोथी एका मुसलमान कारागिराच्या हेलकाव्यावर तरली आहे, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

पुढे गिरणीचा कागद आला. तो पांढरा, स्वस्त, पाहिजे तितका मिळणारा. गिऱ्हाईक म्हणाले, “कागद तो कागद.” गिरणीच्या भावाशी हाताचा भाव जुळेना. कागद्याने भाव उतरवला, मग आणखी उतरवला. शेवटी ढेकी चालवणाऱ्याला पोटभर मिळेना. मुलांनी दुसरी वाट धरली. यात एकट्या गिऱ्हाइकाला दोष द्यावा असे मी म्हणत नाही. यंत्र येते तेव्हा काही हात रिकामे होतात, हे जगभर झाले आहे. पोराच्या शाळेला स्वस्त वही मिळाली हेही काही वाईट झाले नाही. पण एक गोष्ट समजून घ्यावी. हातातली विद्या एका पिढीत मरते. जमीन पडीक राहिली तर दहा वर्षांनीही नांगरता येते. मनगटातली विद्या बापाकडून मुलात उतरली नाही, तर ती बापाच्या मातीबरोबर जाते. कसबाला आपण कमी दाम देतो तेव्हा त्या दिवशी फक्त त्या माणसाची भाकर कमी होते. पण उद्या सगळ्या गावाची विद्या कमी होते.

आता यावर जे आक्षेप निघतात ते एकेक घेऊ.

पहिला आक्षेप असा: “त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केले. जबरदस्ती कुठे केली?” हा आक्षेप शेतकऱ्याने तरी करू नये. दिवाळीनंतर कापूस घरात येतो. डोक्यावर देणे असते, लेकीचे लग्न ठरलेले असते. व्यापारी कापूस मुठीत दाबून बघतो, “ओल आहे,” म्हणतो आणि भाव पाडतो. आपण कबूल होतो. मग घरी येऊन काय म्हणतो? “लुटले!” व्यापारी म्हणतो, “जबरदस्ती कुठे केली?” केळीचे घड तोडायला आले की तेच. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्यालाच चांगली ठाऊक. मग कापसाच्या भावाला जो न्याय, तोच फाळाच्या धारेला का नाही? ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच आपल्या खालच्यावर तो पुढे ढकलला, तर अन्याय कमी झाला की दुणावला? अडलेल्याचा होकार म्हणजे मनाचा होकार नव्हे. तो पोटाचा होकार असतो.

दुसरा आक्षेप: “अहो, अर्ध्या तासाचे काम! त्याचे का शंभर रुपये?” हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा. पखवाजाचे उदाहरण घेऊ, ते आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. भजनी मंडळाचा पखवाज बसका बोलू लागला की तो भरायला नेतात. कारागीर जुनी पुडी उतरवतो, नवी चढवतो, वाद्या ओढतो, मधोमध शाईचा थर देतो, दगडाने घोटतो, पुन्हा थर देतो, पुन्हा घोटतो. मग हातोडीने गट्ट्यांवर ठोकून सूर लावतो. शेवटी एक थाप मारतो आणि मान हलवतो. बुवा विचारतात, “कितला व्हयनात?” तो आकडा सांगतो. बुवा म्हणतात, “एवढे? चामडे तर एवढ्याचे नाही!”

चामडे एवढ्याचे नाही, खरे आहे. पण आपण चामडे घ्यायला गेलो नव्हतो. आपण सूर घ्यायला गेलो होतो. शाई कुठे थांबवायची, वादी किती ओढायची, हे त्याच्या कानाला कळते. ते चुकले तर कीर्तन उभे राहत नाही. मग दाम कशाचे द्यायचे? चामड्याचे, अर्ध्या तासाचे, की त्या कानाचे? डॉक्टर नाडी बघायला दोन मिनिटे लावतो, आपण मुकाट्याने पैसे मोजतो. वकील एक कागद वाचतो, आपण मोजतो. तिथे आपल्याला कळते की दोन मिनिटांमागे वीस वर्षे आहेत. लोहार तापलेल्या फाळाची लाली पाहून नेमक्या क्षणी त्याला पाणी देतो. पाणी जास्त बसले तर धार उडते, कमी बसले तर वाकते. त्या एका क्षणामागेही वीस वर्षे आहेत. तिथे मात्र आपण घड्याळ बघतो.

असे का? याचे उत्तर कडू आहे, पण ते दिलेच पाहिजे. आपल्या समाजाने तोंडातल्या विद्येला विद्या म्हटले आणि हातातल्या विद्येला नुसते काम म्हटले. पाठांतर केले तो पंडित. चाक फिरवले तो कुंभार. पंडिताला दक्षिणा आणि कुंभाराला मजुरी. ज्या जातीच्या हाताला आपण हलके म्हटले, तिच्या कसबालाही हलके म्हटले, आणि मग दामही हलके दिले. संतांनी हेच उलटे केले होते. गोरोबाकाकांची गोष्ट प्रत्येक वारकऱ्याला पाठ आहे. संतमंडळी तेरला जमली होती. मुक्ताईने थापटणे पाहिले आणि ‘हे कशाला?’ असे विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे काका म्हणाले. ‘मग आमची मडकीही बघा,’ असे म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. ही गोष्ट आपण गुरूचे महत्त्व सांगायला सांगतो, ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. ज्ञानाची परीक्षा करायला त्या सभेने कुणाला बसवले? कुंभाराला. कशाच्या जोरावर? त्याच्या धंद्यातल्या कसबाच्या. कच्चे-पक्के ओळखणारा त्याचा हात हेच त्या दिवशी शास्त्र ठरले. आपल्या खानदेशची मुक्ताई, तिने त्या हाताला मान दिला. आपण गोरोबांचे अभंग घेतले आणि त्यांचे थापटणे तेरलाच ठेवून आलो.

तिसरा आक्षेप अधिक नाजूक आहे, कारण तो आपल्याच घरातून येतो. “संतांनी समाधान शिकवले आहे. जे मिळेल त्यात सुख मानावे. कारागिराने हावरेपणा का करावा?” हे वाक्य मी पुष्कळ माळकऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे, आणि दर वेळी ते पैसे देणाऱ्याच्याच तोंडी होते.

समाधान हा फार मोठा गुण आहे. पण तो स्वतःच्या ताटाकडे बघून पाळायचा गुण आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे बघून शिकवायचा नव्हे. तुकोबांचे चरित्र बघा. वडिलांपासून चालत आलेली देण्याघेण्याची खते घरात होती. दुष्काळाने लोक नागवले होते. तुकोबांनी काय केले? ऋणकोंना बोलावून ‘बाबांनो, समाधान माना आणि माझे व्याज चुकते करा’ असे कीर्तन केले नाही. आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. समाधान त्यांनी स्वतः घेतले आणि सुटका दुसऱ्याला दिली. त्याच इंद्रायणीत पुढे लोकांनी त्यांना त्यांच्या वह्या बुडवायला लावल्या. एक कागद त्यांनी आपल्या मनाने बुडवला, तो बुडाला, आणि बुडाला हेच बरे झाले. दुसरा कागद दुसऱ्यांनी बुडवायला लावला, तो तरला. या दोन कागदांतला फरक ज्याला कळला त्याला समाधानाचा अर्थ कळला. आपण आपले सोडावे, हा भक्तीचा मार्ग. दुसऱ्याला त्याचे सोडायला लावावे आणि त्यालाच भक्ती म्हणावे, हे ढोंग.

चौथा आक्षेप त्याचाच भाऊ आहे: “देवाचे काम आहे, सेवा समजून करा.” मंदिराचा लाकडी दरवाजा, पालखीची चांदी, रथाचे चाक, दिंडीच्या पताका, वीणेचा भोपळा. काम देवाचे म्हटले की दाम निम्मे. आता वारीच्या वाटेवर काय दिसते? चांभार बसून वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देतात, न्हावी फुकट दाढी करतात, परीट कपडे धुऊन देतात. ते पाहून डोळे भरून येतात. पण ती सेवा कुणी ठरवली? त्यांनी. न घेणे हा ज्याचा हात त्याचा अधिकार आहे. न देणे हा आपला अधिकार नाही. भारताच्या राज्यघटनेची इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. मोबदला काय घेणार असे विचारल्यावर त्यांनी एक पैसाही नको म्हटले. प्रत्येक पानावर आपले नाव आणि शेवटच्या पानावर आजोबांचे नाव लिहू द्यावे एवढेच मागितले, असे सांगतात. पैसे नाकारले, पण ओळख मागितली. त्यांना आधी विचारले गेले, हे विसरू नका. आपण विचारतो का? की गृहीतच धरतो?

वीणेचीच गोष्ट घ्या. मिरजेला फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याची परंपरा चालू झाली, ती आजही आहे. त्या वाद्यांना लागणारा मोठा कडू भोपळा पंढरपूर–मंगळवेढ्याकडून भीमेच्या काठावरून येतो. विठोबाच्या पायाशी वाढलेला भोपळा, मिरजेच्या मुसलमान कारागिराचा हात, आणि त्यातून निघणारा षड्ज. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. पण मानांकन म्हणजे भाकरी नव्हे. मानांकनाच्या कागदावर जे लिहिले, ते गिऱ्हाइकाने मोजले तरच पोटात जाते.

मंगळवेढ्याचे नाव निघाले, तर चोखोबांना विसरून कसे चालेल? गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. शके १२६० मधली ही गोष्ट, म्हणजे इ. स. १३३८. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारापाशी समाधी बांधली. आपण दर वारीला त्या पायरीपाशी डोके ठेवतो. त्या कामाची मजुरी चोखोबांना मिळत होती का, की ते वेठीचे काम होते? या प्रश्नापाशी आपले कीर्तन थांबत नाही. थांबले पाहिजे. ज्या भिंतीने गावाचे रक्षण व्हायचे, ती बांधणाऱ्याला गावात जागा नव्हती.

म्हणूनच जुन्या बलुतेदारीचे गोडवे गाताना जरा सांभाळून गावे. खळ्यावर रास पडली की सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, महार, मांग यांना त्यांचा त्यांचा वाटा मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ पुस्तकात ही सगळी रीत तपशिलाने लिहून ठेवली आहे. तिच्यात एक चांगले होते: कारागिराचा वाटा दर कामाला तोडला जात नव्हता, तो पिकाबरोबर ठरलेला होता. पण तिच्यात वाईटही फार होते. वाटा हक्काचा असला तरी तो पदर पसरून, मान खाली घालून घ्यावा लागे. धंदा बदलायची मोकळीक नव्हती. आणि अस्पृश्य मानलेल्यांच्या वाट्याला तर अपमानच जास्त येई. ती रीत गेली ते बरे झाले. पण बलुते गेले आणि त्याच्या जागी रास्त दाम आले नाहीत. मधल्या मध्ये कारागीर दोन्हीकडून गेला.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या, त्या या संदर्भात ध्यानात घेण्यासारख्या आहेत. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने विश्वकर्मा योजना चालू केली. तिच्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, शिंपी असे अठरा धंदे आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, शिकण्याच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, आणि तारणाशिवाय दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे. पण ते कर्ज फेडायचे कशातून? आपण जे दाम देऊ त्यातून. सरकार ऐरण देईल; गिऱ्हाइकाचे मन देऊ शकणार नाही.

दुसरी गोष्ट कोल्हापुरी चपलेची. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा नावाच्या कंपनीने तशाच घाटाची चप्पल आपली म्हणून मिरवली. तिची किंमत लाखाच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. महाराष्ट्रात ओरड झाली तेव्हा कंपनीने मूळ कारागिरी भारतातली असल्याचे मान्य केले, आणि पुढे डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. आपल्याला राग आला, तो योग्यच होता. पण तो राग जरा घरी वळवून बघा. परदेशी माणसाने आपल्या चांभाराचे नाव घेतले नाही म्हणून आपण चिडलो. आपल्या गावच्या चांभाराचे नाव आपण कसे घेतो? आणि त्याने आठशे सांगितले तर आपण किती म्हणतो?

या प्रश्नाची एक बाजू गांधीजींनी फार स्पष्ट पाहिली होती. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. नंदलाल बसू यांनी तिथला मंडप बांबू आणि साध्या गावठी सामानाने उभा केला होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३५ साली, गांधीजींनी चरखा संघापुढे सूत कातणाऱ्या बायांच्या मजुरीचा प्रश्न मांडला होता. आठ तासांच्या कामाला आठ आणे असावेत, असे त्यांचे म्हणणे. एवढे संघाला देता आले नाही. पण मजुरी वाढवली गेली, आणि त्यामुळे खादी महागली. कार्यकर्ते घाबरले की आता खादी खपणार नाही. गांधीजींचे म्हणणे असे की कातणारीला अर्धपोटी ठेवून विकलेली स्वस्त खादी घालण्यात पुण्य नाही. हे लक्षात घ्या: खादी ही त्यांची भक्तीच होती. तरी भक्तीचे वस्त्र कुणाच्या उपाशी पोटातून विणू नये, असा त्यांचा आग्रह.

आता एक खरी अडचण उरते, ती लपवून उपयोग नाही. देणाराही गरीब असतो. दोन एकर कोरडवाहूवाल्याने लोहाराला मागेल तेवढे कुठून द्यावे? आणि कारागीरही सगळेच सज्जन नसतात. कोणी अडलेले गिऱ्हाईक पाहून दुप्पट सांगतो. मग भाव करूच नये का? मला वाटते, भाव करणे हे पाप नव्हे. पण त्यात तीन गोष्टी पाळता येतील. पहिली, आपल्या ऐपतीचे खरे बोलावे. “माझ्याकडे एवढेच आहेत, बाकीचे कापूस विकल्यावर देतो,” हे म्हणण्यात कमीपणा नाही. “तुझे काम एवढ्याचे नाहीच,” हे म्हणण्यात मात्र पाप आहे. कारण पहिल्या वाक्यात आपली गरिबी असते, दुसऱ्यात त्याच्या विद्येचा अपमान असतो. दुसरी, जो दाम ठरला तो वेळेवर द्यावा. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी हातात पडावी, असा उपदेश पैगंबरांच्या नावे सांगितला जातो. एरंडोलच्या कागद्याने तो ऐकला असेल. त्याच्या गिऱ्हाइकांनीही ऐकायला हवा होता. कमी दिलेल्या पैशापेक्षा उधारीवर झुलवलेला पैसा जास्त जीव घेतो. तिसरी, त्याच्या मुलासमोर त्याला तोडू नये. बाप मान खाली घालून साठावर कबूल होताना मुलगा भाता ओढत असतो. त्याच घडीला त्याच्या मनात ठरते, ‘हा धंदा मी करणार नाही.’ मग आपणच पुढे विचारतो, आजकाल चांगला लोहार का मिळत नाही?

शेवटी नाथांची आठवण काढतो. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक येत होती. नाथ रात्रभर दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. स्वामींनी म्हटले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडली तर किती होईल! ही गोष्ट आपण परमार्थाकडे वळवतो, तशी ती वळवावीच. पण आधी तिचा सरळ अर्थ घ्यावा. एक पै जरी चुकीच्या रकान्यात पडली, तरी झोप येऊ नये.

आषाढीची तयारी चालू झाली की आपण घरची कामे आवरतो, पेरणीची व्यवस्था लावतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो. त्यात एका कामाची भर घालावी. गावातल्या लोहाराकडे, सुताराकडे, चांभाराकडे, पखवाजवाल्याकडे एक फेरी मारावी आणि विचारावे, “दादा, माझ्याकडे काही राहिले आहे का?” तो बहुधा संकोचाने “काही नाही,” म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नये. ओट्यावर बसावे आणि आपल्या मनाने हिशेब करावा. जे निघेल ते त्याच्या हातावर ठेवावे, आणि मग माळ सरळ करून दिंडीत पाऊल टाकावे.

॥ राम कृष्ण हरि ॥